यजमान

बाबांच्या कपाटात लाल कापडात बांधलेल्या वह्या.
रामकुंडावर कुणी उतरलं की पहिला प्रश्न आडनावाचा,
दुसरा गावाचा,
मग त्यांचं बोट पानावरून खाली सरकत जाई
आणि त्या माणसाचा खापरपणजा शाईत उभा राही:
अमक्या साली आला होता, आईच्या अस्थी घेऊन, सोबत दोन भाऊ.
आलेल्याला आम्ही यजमान म्हणतो.
पाहुणा तो, आणि यजमानही तोच.
लहानपणी मला हे उलटं वाटायचं.

पुढे कॉलेजच्या पुस्तकात तोच शब्द भेटला.
जंतू ज्याच्या अंगात राहतो, तो यजमान.
वर्गात मी एकटीच हसले.

आता सकाळी नऊपासून मी काचपट्ट्या रंगवते.
थुंकी पसरायची, वाळवायची,
वरून लाल रंग, खालून ज्योत,
मग आम्ल.
सगळं रंग सोडतं, लाळ, पेशी, कालच्या जेवणाचा कण.
एक तो सोडत नाही.
शेवटी निळं. निळ्यात तांबड्या काड्या,
किंचित वाकलेल्या,
कुणी घाईत काडेपेटी सांडल्यासारख्या.

घाई त्याला मात्र नसते.
एकाचे दोन व्हायला जवळजवळ अख्खा दिवस.
पटकीसारखा तो नळातून येऊन
रात्रीत गल्ली झोपवत नाही.
खोकल्याच्या उबळीवर बसून निघतो,
थेंब वाटेतच सुकतो, तो उरतो,
बंद खोलीत तासन् तास तरंगत
कुणाच्या तरी श्वासाची वाट बघत.
वाट बघत, हेही माझंच.
त्याला वाट ठाऊक नाही. वैरही नाही.
छातीत खोल, शेवटच्या फुग्यापाशी
आपलेच पहारेकरी त्याला गिळतात
आणि पचवू शकत नाहीत.
त्यांच्याच पोटात तो बिऱ्हाड मांडतो.

रजिस्टर:
यमुना गांगुर्डे, चौतीस, पिंपळगावच्या शेडवर द्राक्षं निवडते.
डोक्याला जाळी, हातांत मोजे,
परदेशच्या पेटीत केस जाऊ नये म्हणून.
दोन महिने खोकली. मुकादम म्हणाला, फवारणीनं होतं.
तिच्याखाली नणंद सुभद्रा, एकाच खोलीत निजणारी.
तिच्याखाली सुभद्राचा केदा, सहा वर्षं, मानेला गाठ.
यमुनेच्या वर बहुतेक मंजुळा भोये,
गेल्या हंगामात पेठहून आलेली,
तपासणीआधीच परतलेली.
मंजुळाच्या वर कोरं.

बाबांना एकदा म्हटलं, आपण दोघंही वंशावळीच लिहितो.
त्यांनी चष्मा पुसला.
"आमच्याकडे लेकींची नावं चढत नाहीत."
टोमणा नव्हता. नियम सांगत होते.

वैशाखात आम्हा कर्मचाऱ्यांचं रक्त तपासलं.
माझा एक्सरे स्वच्छ, वजन तेवढंच, खोकला नाही.
रक्त म्हणालं, आहे.
कुठंतरी पेशींनी चहूबाजूंनी भिंत घातली आहे
आणि आत तो निजला आहे,
मी म्हातारी होईपर्यंत,
किंवा एखाद्या आजारपणात भिंत ढिली पडेपर्यंत.
माझ्याकडून कुणाला लागणार नाही, डॉक्टर म्हणाले.
तरी त्या रात्री मी भाचीला कुशीत घेतलं नाही.

बारा आठवडे, आठवड्याला एकदा गोळ्या.
लघवी केशरी होते, घाबरू नका,
हे मी रोज सांगते, ते सिस्टरनं मला सांगितलं.

नाव मीच लिहिलं. वय. पत्ता, पंचवटी.
'कुणाच्या संपर्कातून' या रकान्यात पेन थांबलं.
दीड इंचाची जागा.
यमुना लिहिलं, खोडलं.
तो म्हातारा, जो खिडकीत तोंड घालूनच रिपोर्ट विचारायचा?
सतरा वर्षांतल्या कुठल्या सकाळी, कुठल्या डबीचं झाकण?
बाबांचं बोट आठवलं,
खाली, खाली सरकणारं.

दारात कुणीतरी उभं होतं, हातात रिकामी डबी.
रकाना तसाच ठेवला, वही मिटली.
म्हटलं, इथं नको काका.
अंगणात जा, पाठीवर ऊन घ्या,
दीर्घ श्वास घ्या,
आणि मग खोका.