बाद फेरीच्या आदल्या रात्री

डब्युकच्या मोटेलात, रात्री दीडला,
त्यांचा प्रूइट मी कागदावर मांडतो:
उंची सहा फूट नऊ, रिबाउंड अकरा,
डावीकडून घुसला तर घुसला,
उजवीकडे वळतच नाही पठ्ठ्या.
फ्री थ्रो एकसष्ट टक्के.
कोच हॅलोरन म्हणतील, फाउल करा, जाऊ दे रेषेवर.

सतरा सामने पाहिलेत मी, मागेपुढे करून.
चेंडूचे तीन टप्पे, मग फेक.
जानेवारीत एकदा, दंडाला काळी पट्टी,
टप्पाच नाही. दोन्ही हुकले.
तेव्हापासून चार टप्पे.
चौथा जरा हळू.
आणि एकोणऐंशी टक्के.

बाहेर कुणीतरी काचेवरचा बर्फ खरवडतंय.
एकसष्ट खोडतो.
एकोणऐंशी. फाउल नको, असं लिहितो.

कारण विचारलं तर
सराव वाढवलाय म्हणेन.