सूग

दांडिया बाजार, तिसरा मजला.
बाबांचं भांडं मी धुते तेव्हा
जशीबेन विचारते, "तमने सूग नथी चडती?"

चाळीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासलेले बाबा
पलंगावरूनच ओठ पुसत :
"सूग त्यांची. आपली किळस.
शिसारी वेगळी, ती अंगभर येते.
उमासा घशापर्यंतच.
आणि चिळस... हल्ली कुणी छापत नाही."

मग पुन्हा ओकतात.
मी पाठ धरून ठेवते.

पंचवीस वर्षं या माणसानं
माझ्या हातचं पाणी घेतलं नव्हतं,
मी परमारांची झाले म्हणून.
त्या वेळचा शब्द यातला कुठला,
विचारायचं राहून जातं.

भांडं गच्चीत उन्हाला पालथं घालते.
हाताला फिनेलचा वास,
त्याखाली, थोडा, त्यांचा.