आधी खोट

आयली रौतियो सांगते: सुंदर लिहू नकोस.
सुंदर हा शब्द कुणी शोधत नाही.
माणसं रात्री दोन वाजता
मुठीतल्या उजेडात शोधत असतात
एका विशिष्ट किटलीचं झाकण,
व्यास साडेनऊ सेंटिमीटर.

थंडर बेमध्ये, धान्याच्या बंद कोठारांमागच्या गल्लीत
कुणी घर आवरलं की खोकी हिच्या दारात येतात.
मी वरच्या खोलीतला भाडेकरू.
भाड्यातून चाळीस डॉलर कमी, बदल्यात फोटो काढायचे:
उत्तरेच्या खिडकीपाशी, फ्लॅश नाही,
पहिला फोटो तड्याचा.

मी लिहिलेलं 'दुर्मीळ' तिने खोडलं.
'तू अशा किती पाहिल्यास?'
'नव्यासारखं' खोडलं.
वजन लिहिलं. वास आला तर वासही:
तळघराचा, सौम्य.

खोट सांगितली की खोटं बोलावं लागत नाही,
असं मी तिला माझ्या भाषेत म्हणून दाखवलं.
तिच्या फिनिशमध्ये हे दोन शब्द
एकमेकांचे कुणी लागत नाहीत.
तिने ते पुन्हा म्हणायला लावले,
नाणं दाताखाली धरून बघावं तसे.

एप्रिलमध्ये तिने स्वतःचं खोकं आणलं.
वायुभारमापक, ओकचा, उंची बावन्न सेंटिमीटर.
तबकडीवर फिनिशमध्ये वादळ, पाऊस, बदल, निरभ्र.
काटा 'बदल'वर अडकलेला.
तौनोचा.
शीर्षकात ऐंशी अक्षरं, तौनो त्यात बसला नाही.

पहिल्या मसुद्यात विशेषणं इतकी
की तिने स्वतःच कान धरला.
दुसरा लोखंडी कांबीसारखा.
तिसऱ्या वेळी मी वस्तू उलटी केली
आणि पाठीवर पेन्सिल दिसली,
बारीक, दोन रकान्यांत:
४ मे १९७४. २८ एप्रिल. ९ मे.
उपसागरातलं बर्फ सुटल्याच्या तारखा,
दर वर्षी एक, २०१६पर्यंत,
शेवटच्या ओळी उताराला लागलेल्या.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, लिही:
मागे पेन्सिलचं लिखाण, त्रेचाळीस ओळी.
कुठे लिहू?
'खोटीत. दुसरं कुठे?'

सत्तावीसवर दोघं अडले.
मूस जॉच्या माणसाने विचारलं,
टिचकी मारल्यावर काटा हलतो का?
तिने टिचकी मारली. उत्तर दिलं: नाही.
दुसऱ्याने विचारलं, लिखाण खोडरबराने जाईल का?
मला वाटलं, आता तरी ही खोटं बोलेल.
तिने लिहिलं: जाईल.

पाचव्या दिवशी सकाळी ती धक्क्यावरून परतली,
बूट भिजलेले,
हातमोजे न काढता पेन्सिल मागितली.
रात्री वर्णनाखाली दुरुस्ती आली,
एका बोटाने टाइप केलेली:
'लिखाण आता चव्वेचाळीस ओळी.
शेवटची विक्रेतीची, अक्षर वेगळं आहे.
मधली वर्षं कोरी. तेव्हा कुणी पाहायला गेलं नाही.'

खोडरबरवाल्याने बोली मागे घेतली.
एकोणीस डॉलरला गेला.
पोस्टाचे त्याहून जास्त झाले.

मी बुडबुड्यांचा कागद गुंडाळत होतो.
थांब, म्हणाली, एक फोटो राहिला.
विकल्यावर कशाला?
तिने पट्टी ठेवली
तिच्या ओळीपासून लाकडाच्या कडेपर्यंत.
'एकवीस मिलिमीटर. बारीक लिहिलं
तर चार ओळी मावतील.
मूस जॉवाल्याला कळव.'