जाहिरात लागली की

मालिकेत सून रडायला लागली की मी भाजी निवडते.
जाहिरात लागली की हात थांबतो.
"आवाज वाढवा," म्हणते,
मग आठवतं, रिमोट माझ्याच मांडीवर आहे
आणि यांना वाढवलेलाही ऐकू येत नाही.

कोपरखैरणे, सेक्टर सात, सिडकोची घरं.
भिंत अशी, की पलीकडे कुकरची शिट्टी झाली
तर इकडे मी गॅस बंद करते.
अशा घरात एकवीस वर्षं माझा हा खेळ:
कंपनीचं नाव येण्याआधी गाणं ओळखायचं.

टूथपेस्टवाले मुखडा कधीच घेत नाहीत,
अंतऱ्याआधीचा बासरीचा तुकडा उचलतात,
तेवढाच, चिमटीभर, मिठासारखा.
विमेवाले जुनं प्रेमगीत अगदी हळू गाऊन घेतात,
आता म्हातारा-म्हातारी समुद्राकडे बघणार
हे मला सुरावरूनच कळतं.
साबणवाल्यांनी तर एकदा आरतीचीच चाल घेतली
आणि तिच्यावर फेस सोडला.
मी हसले. संध्याकाळी देव्हाऱ्यासमोर टाळ्या वाजवताना
फेस आठवून परत हसले.

वरच्या निमकरांचा ओजस फोन घेऊन येतो.
टीव्हीसमोर धरला की फोन गाणं सांगतो.
"काकू, तुम्ही की हा?"
दहातली सात मी जिंकते.
फोनला म्हणे मूळ गाणं लागतं,
आणि हे लोक चोरीच्या गाडीसारखं गाणं आणतात,
नंबरप्लेट बदलून.
मला चाल पुरते.
लांबून नुसती चाल बघून माणूस ओळखावा, तशी.

यांचे कान रबाळ्यात राहिले.
सत्तावीस वर्षं पत्रा ठोकायच्या प्रेसवर.
कानात घालायचे बोळे कंपनी द्यायची,
वर्षातून एकदा, बोनसच्या पाकिटाबरोबर.
आधी बासरी गेली, मग दाराची बेल, मग मी.
ठेका तेवढा राहिला.
म्हणून जाहिरात लागली की यांच्या गुडघ्यावर
मी बोटांनी वाजवते
आणि हे डोळे मिटून गाणं सांगतात.
चुकतातही. मागे केसांच्या तेलाला
लेझीम म्हणाले.

मग ती रंगाची जाहिरात आली.
पिवळी भिंत, एक मुलगी, शब्द नाहीत,
नुसतं गुणगुणणं, आणि खाली काहीतरी वाजतंय.
ओजसचा फोन गोल गोल फिरून गप्प झाला.
मीही गप्प. तीन आठवडे.
तिच्यासाठी बातम्या बघितल्या, क्रिकेट बघितलं,
दोन पोळ्या जाळल्या.
जिभेच्या टोकावर नव्हतंच ते,
घशाच्याही खाली कुठेतरी होतं.

शेवटी एका रात्री वाजवून बघितलं.
धाड. धाडधाड. थोडं थांबून, धाड.
हे म्हणाले, "परत."
जाहिरात संपली होती.
बोटांत राहिलं होतं तेवढं वाजवलं.
"ही चार नंबरची प्रेस," म्हणाले,
"पट्टा सैल झाल्यावरची.
ती मध्ये थांबते ना, तिथे थोरवे पत्रा ओढायचा.
एकदा उशीर झाला त्याला."
आणि उजव्या हाताची दोन बोटं दुमडून दाखवली.

"मग गाणं कुठलं?" मी विचारलं.
यांचं लक्ष नव्हतं. स्वतःच मांडीवर वाजवत होते,
जरा जलद, शिफ्ट संपत आल्यासारखं,
आणि चेहऱ्यावर ते हसू
जे मी पगाराच्या दिवशी दारात बघायचे.

मार्क कोणाला द्यायचे, ओजसला अजून ठरवता आलेलं नाही.
गाणं कोणतं, तेही कळलेलं नाही.
गणपतीनंतर ती जाहिरात बंद झाली,
आता तिथे एक मुलगा बिस्किट खातो. सोपं आहे ते.

परवा लाइट गेली, अख्खा सेक्टर काळा.
भाजीची परात बाजूला सारून
अंधारात मी यांचा गुडघा शोधला.
धाड. धाडधाड.
मध्ये जरा जास्तच थांबले,
थोरवेंना हात काढायला वेळ मिळावा म्हणून.