सलग

बुधवारी आठला मी पोचते तेव्हा औलूत अजून अंधार असतो,
आणि जिन्यातच क्लोरिनचा वास येतो,
तिसऱ्या मजल्यावरून खाली ओघळत आलेला.
दाराची मूठ ओली.
म्हणजे ओर्वोक्की साडेचारपासून जागी आहे.

व्हेइको हॉस्पिटलातून घरी आला त्याला आज एकेचाळीस दिवस.
नडगीवरची जखम आता जुन्या पाच मार्कांच्या नाण्याएवढी.
माप त्याचंच. युरो त्याला अजून पैसे वाटत नाहीत.

घरी सोडताना दिलेल्या कागदावर लिहिलं होतं:
औषधांना न जुमानणारा जंतू,
जखम झाकावी, हात धुवावेत.
दोन ओळींमधल्या कोऱ्या जागेत
बाकीचं सगळं ओर्वोक्कीनं वाचलं.

विजेची बटणं. फ्रिजचा दांडा. खुर्चीची पाठ.
रिमोट, मग रिमोटवर चढवलेली पिशवी,
मग पिशवी ज्या खणातून काढली तो खण.
दिवसातून तीनदा, उघड्या हातांनी.
हातमोजे घातले तर फडक्याखालचं काही कळत नाही म्हणते.

चाळीस वर्षं कोट शिवण्यात गेलेली बाई.
शिवण कुठे उसवते ते तिला ठाऊक,
म्हणून विचारते नेमकं:
"टेबलावर हात टेकला, नुसता टेकला,
तर ते कातडीतून आत जातं का?"

मी पट्टी सोडवता सोडवता सांगते, मला शिकवलं तसं.
सलग कातडी म्हणजे दाट विणीचं कापड.
सगळ्यात वरचा थर मेलेला असतो,
आणि राखण तोच करतो.
जंतू टेबलावर असतील, तासन् तास, काही तर कित्येक दिवस.
तुझ्या तळव्यावर येतील, बसतील,
साबणपाण्यानं बहुतेक निघून जातील.
आत शिरायला त्यांना वाट हवी असते.
डोळा, नाक, तोंड.
नाहीतर उसवलेली जागा.

ती मान हलवते. हे तिला पटतं.
मग फडकं पिळायला वळते,
आणि दिव्याखाली मला तिचे हात दिसतात.

पाच बुधवार मी नडगीच पाहत होते.

पेरापेरांवर भेगा.
बाहेर उणे बावीस, आत हीटरची कोरडी हवा,
त्यात धुऊन धुऊन कापड विरलेलं.
अंगठ्याच्या बेचक्यात सूज, हात लावला तर गरम,
आणि तिथून मनगटाकडे निघालेली लाल रेघ,
धावदोऱ्यासारखी, बारीक, सरळ.

हा टेबलावरचा की तिच्याच अंगावर वर्षानुवर्षं राहत आलेला,
मला माहीत नाही.
प्रयोगशाळा सांगेल, किंवा सांगणार नाही.
मी फोन करते. म्हणतात, लगेच घेऊन या.

"आणि दुपारचं पुसणं?" ती विचारते.
मी काही बोलत नाही तेव्हा खुर्चीवर बसते,
हात मांडीवर उताणे ठेवून,
दुसऱ्या कुणाचे असावेत तसे.
"मी सोफ्यावर झोपते," ती सांगते.
"जानेवारी सगळा सोफ्यावर."

चाळीस वर्षं शिवत आलेली,
आणि एकेचाळीस दिवस नवऱ्याला शिवली नाही.

मी तिच्या हातांना मलम लावते, पांढरं कापड गुंडाळते,
कोट खांद्यांवर टाकते, बटणं मीच लावते.
कोट तिनंच शिवलेला, काजं अजून घट्ट.
दारापर्यंत येते, थांबते,
आणि परत जाते खिडकीपाशी
जिथे व्हेइको नाण्याएवढी जखम घेऊन बसलाय.
हात पाठीमागे धरते, चोरासारखे,
वाकते,
आणि त्याच्या टकलावर गाल टेकवते.

गालावर एक भेग नव्हती. मी पाहिलं होतं.

बराच वेळ कुणी हललं नाही.
मग व्हेइको म्हणाला,
"तुला पोहण्याच्या तलावाचा वास येतोय."

खाली टॅक्सीनं हॉर्न दिला.
तिचे दोन्ही हात कापडात, म्हणून मूठ मी फिरवली,
ओलीच होती अजून.