पोकळ वीट

मेरेरिदने अठरा विटा आणून ठेवल्या परांचीपाशी,
आतून पोकळ, तोंडाशी दोन बोटांची फट.
म्हणाली, उत्तरेच्या भिंतीत, वळचणीखाली,
पाकोळ्यांसाठी.
मी म्हणालो, पोरी,
चाळीस वर्षं भोकं बुजवायचे पैसे घेतोय मी.

टोवी नदीकाठची ही शाळा, नवी इमारत,
आणि तिच्या हातात एक तक्ता :
आधी किती जीव, नंतर किती.
नंतरचा आकडा मोठा हवा.
म्हणून तळ्यापायी मोटारींच्या चार जागा गेल्या
(मुख्याध्यापक महिनाभर घुश्श्यात),
म्हणून कुंपणाच्या बुडाशी वीतभर वाट,
आणि तो दगडांचा ढीग उचलायचा नाही,
तिथे कोणीतरी राहतं.

डिल्विन हसला. मीही हसलो असतो.

पण स्वान्झीतलं ते छप्पर.
मे महिना, काम उरकायची घाई.
फट भरली, थापी फिरवली, साफ.
जेवणाच्या सुट्टीत ती आली,
आफ्रिकेहून, म्हणे, कुठेही न टेकता.
ओल्या सिमेंटवर आपटली.
वळसा घेऊन पुन्हा आली.
पुन्हा.
किती वेळा ते मोजलं नाही,
मोजावं लागू नये म्हणून रेडिओ मोठा केला.
सकाळी सिमेंटवर तिच्या नखांचे ओरखडे होते.
तेही मी घासून गुळगुळीत केले.
चांगला गवंडी म्हणतात मला.

ओळंबा सोडला, थर धरला,
एकेक वीट हातात तोलून बसवली.
डिल्विन खालून ओरडला, एवढा वेळ?
म्हटलं, बोटं गारठलीत.

पहिल्या उन्हाळ्यात कोणी आलं नाही.
दुसऱ्यात एका चिमणीने चौथ्या विटेत गवत कोंबलं.
चौथीतली एफा रोज वहीत पाकोळ्यांपुढे शून्य मांडते,
गोल, नेटकं,
चिमणीला तिने वेगळा रकाना आखलाय.
मेरेरिद आता दुसऱ्या गावी, दुसऱ्या तक्त्यावर.

परवा रविवारी गाडी फाटकाशी लावली.
तिथे माझं काही काम नव्हतं.
तळ्यावर चतुर होते, आभाळ रिकामं,
कुठेतरी शीळ वाजली,
कोणाच्या स्वयंपाकघरातली किटली असेल.
तरी मान वर करून उभा राहिलो बराच वेळ.

सतरावी वीट जरा तिरपी बसलीय.
खालून दिसते.