कोडो

रात्रपाळी सुटते सातला.
उद्यमबागच्या गेटाबाहेर, सिद्रामप्पाच्या गाड्यावर
साखरेच्या डब्याला टेकवून मोबाइल उभा,
त्यात अमेरिकेतली सातवी मॅच.
तिथं कालची रात्र अजून चालू आहे.
आमच्या नाकात फाउंड्रीची काळी वाळू.

चौथा क्वार्टर. दोन पॉइंट मागं.
अकरा नंबर बॉल आपटालाय, आपटालाय,
समोर तिघं, कोपऱ्यात एक मोकळा, हात वर करून.
"दे की रे त्याला," परशराम चौगुले ओरडतो,
"तुझ्या एकट्याचं लगीन हाय काय?"
अकरा नंबर उडतो
आणि नेटवर्क जातं.

बॉल हवेत. त्याच्यावर फिरणारं चाक.

तेवढ्यात निकाल लागतात.
दस्तगीर लेथवाला म्हणतो, असले स्टार म्हणजे ब्लो-होलचं कास्टिंग,
वरनं चकाचक,
मशीनवर चढवल्याशिवाय आतली पोकळी दिसत नाही.
बसू हत्तरगी म्हणतो, मर्दा, त्याच्यामुळंच इथवर आलेत,
बाकीचे काय शेंगा फोडालते?
परशरामचं म्हणणं, चूक कोचची.
दोन टाइमआउट खिशात घालून उभा राहिलाय,
कोट बघ की त्याचा! हाकला म्हणावं उद्याच्या उद्या.
सिद्रामप्पाला बास्केटबॉल कळत नाही,
पण गाळणं झटकत तोही म्हणतो,
हौदु, कोचला काढा.

मी चहा फुंकत राहतो.

बावीस वर्षांपूर्वी, कॅम्पातलं सिमेंटचं कोर्ट,
एका रिंगला जाळी, दुसरीला नुसतीच कडी,
विभागाची फायनल, धारवाडच्या पोरांशी.
मी कॅप्टन. पाठीवर चार.
एक पॉइंट मागं, नऊ सेकंद,
आणि डावीकडनं ईरण्णा तिगडी, एकटा:
"कोडो! कोडोऽऽ!"

कोडो म्हणजे दे.
आमच्या टीमला दोन्ही शब्द सारखेच,
पास दोन्हींवर जायचा.
त्या दिवशी गेला नाही.
बॉल कडीच्या पाठीवर आपटला
आणि गटाराकडं घरंगळत गेला, कुणी आणायला गेलं नाही.

नंतर लोकांनी त्याचं भाषेचं करून टाकलं.
शहापुरात एकानं पाठ थोपटली: बरं केलंस, त्यांना कशाला द्यायचा.
ईरण्णाच्या गल्लीत काय म्हणाले, तेही कळलं.
दोन्हीकडचं खोटं.
मला ऐकू आलं होतं. मला समजलं होतं.
मला फक्त दुसऱ्या दिवशीच्या पेपरात
माझं नाव हवं होतं.

मस्कारेन्हस सरांनी शाळेच्या कमिटीला लिहून दिलं:
शेवटची चाल मी नीट सांगितली नाही, चूक माझी.
जूनमध्ये नवे सर आले.
त्यानंतर मी सायकल सरांच्या घरावरनं नेणं सोडलं,
फिश मार्केटचा वळसा घालू लागलो,
आणि वळशाची एवढी सवय झाली
की सर गेल्याचंही मला महिन्यानं कळलं.

सांगितली होती त्यांनी चाल.
बारा सेकंद असताना, टाइमआउट घेऊन,
माझा खांदा धरून, ईरण्णाला दे म्हणून.
दोनदा सांगितली.
एकदा मराठीत, एकदा कन्नडात.

नेटवर्क येतं तेव्हा मॅच संपलेली.
कागदाचे तुकडे कुणाच्या अंगावर पडालेत, कळत नाही.
मग माइकसमोर तो कोटवाला,
खाली लिहून येतं, की जबाबदारी आपली म्हणालाय.
परशराम मांडीवर थाप मारतो: "बघा! कबूल केलं की गड्यानं!"

"सांगितलं असंल त्यानं," मी म्हणतो.
"काय?"
"पास दे म्हणून."
"तुला रे काय माहीत?"

मी सुटे पैसे डब्यात टाकतो.
बस येते. सगळे चढतात, वादासकट,
आणि दस्तगीर माझ्यासाठी जागा धरून
खिडकीतनं हात हलवालाय.